वर्ड फाइलमधलं विस्कटलेलं फॉरमॅटिंग एकसारखं कसं करावं?

पानोपानी
दीडशेच्या आसपास पानांचा अहवाल आहे. चार-पाच जणांनी वेगवेगळं लिहून एका फाइलीत चिकटवलेला. लक्षणं अशी:

मजकूर कुठे ११ पॉइंट, कुठे १२. परिच्छेदांमधली जागा कुठे भरपूर, कुठे अजिबात नाही. मथळे डोळ्यांना सारखे दिसतात, पण अनुक्रमणिकेत निम्मेच येतात. सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलला की इंग्रजी शब्द बदलतात, मराठी ढिम्म. काही ओळींत शब्द उगाच फाकलेले. वेबसाइटवरून घेतलेल्या उताऱ्यांमागे फिकट राखाडी पट्टा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं वर्ड आहे. तळटिपा, कोष्टकं, ठळक आणि तिरके शब्द टिकायला हवेत. पानागणिक हाताने दुरुस्ती न करता काही उपाय?

कोरा_कागद
सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, तिथून नव्या फाइलीत आणा. एका झटक्यात स्वच्छ.

खिळेजुळारी
दोन पानांच्या पत्राला हे चालतं, या फाइलीला नाही. साधा मजकूर म्हणून चिकटवलं की तळटिपा आणि चित्रं जातात, कोष्टकांच्या रकान्यांच्या जागी टॅब उरतात आणि ठळक-तिरकं सगळं सपाट होतं. मूळ मागणीच मोडली.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू. वर्डमध्ये अक्षराचं रूप थरांनी ठरतं. तळाशी परिच्छेदाची स्टाइल (म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचा नाव दिलेला संच), तिच्यावर निवडक शब्दांपुरती अक्षर-स्टाइल, आणि सगळ्यांवर हाताने दिलेलं थेट फॉरमॅटिंग, म्हणजे फॉन्टच्या चौकटीतून निवडलेला आकार, 'बी' बटण दाबून केलेलं ठळक वगैरे. वरचा थर खालच्याला झाकतो. म्हणून 'नॉर्मल' स्टाइल बदलूनही काही परिच्छेद जागचे हलत नाहीत. त्यांच्यावर थेट थर बसलेला असतो.

हा थर बघायला बिघडलेल्या शब्दात कर्सर ठेवून शिफ्ट+एफ१ दाबा. उजवीकडे 'रिव्हील फॉरमॅटिंग'चा कप्पा उघडेल. त्यात खाली 'डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स'ला खूण केली की कुठला गुण स्टाइलमधून आला आणि कुठला थेट दिलाय ते वेगळं दिसतं. वरच्या बाजूला 'कम्पेअर टू अनदर सिलेक्शन' आहे. एक चांगला परिच्छेद आणि एक वाईट परिच्छेद निवडला की फक्त फरक समोर येतो. पाच-सहा जागा अशा तपासल्या तर फाइलीत नेमके किती प्रकारचे घोळ आहेत ते कळतं. बहुतेकदा तीन-चारच असतात, पानोपानी पसरलेले असतात इतकंच.

रकाना_तिसरा
११ आणि १२ चा घोळ वर्डच्या आवृत्त्यांमुळे असण्याची शक्यता मोठी. वर्ड २००३ मध्ये कोऱ्या फाइलीचं 'नॉर्मल' टाइम्स न्यू रोमन १२, परिच्छेदानंतर जागा शून्य. २००७ मध्ये कॅलिब्री ११ आलं, परिच्छेदानंतर १० पॉइंट आणि ओळींचं अंतर १.१५. २०१३ पासून तेच ८ पॉइंट आणि १.०८ झालं. आणि आता ३६५ मध्ये ॲप्टोस १२. कुणीही मुद्दाम काही बदललं नसलं तरी पाच जणांच्या पाच फाइली पाच तऱ्हेच्या असणारच.

चिकटवताना काय होतं तेही सांगतो. दोन्ही फाइलींत 'नॉर्मल' नावाची स्टाइल असेल आणि 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' निवडलं, तर ज्या फाइलीत चिकटवतोय तिची व्याख्या लागू होते. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडलं तर जुनं रूप टिकवण्यासाठी वर्ड गुपचूप थेट फॉरमॅटिंग चढवतो. तुमच्या फाइलीत हेच झालेलं दिसतंय. पुढच्या वेळेसाठी फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड मध्ये 'कट, कॉपी अँड पेस्ट' भागात दुसऱ्या फाइलीतून चिकटवताना काय करायचं ते कायमचं ठरवून ठेवता येतं.

पानोपानी
शिफ्ट+एफ१ ने बरंच दिसलं. थेट फॉरमॅटिंग जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहे. आता ते काढायचं कसं? कंट्रोल+ए आणि 'क्लिअर ऑल फॉरमॅटिंग' करू का?

खिळेजुळारी
थांबा, ते बटण नको. त्याने परिच्छेदांच्या स्टाइलही 'नॉर्मल' होतात, म्हणजे जे निम्मे मथळे बरोबर आहेत तेही हातचे जातील. आणि गंमत म्हणजे हायलायटरचा पिवळा रंग मात्र त्याने जात नाही. तो 'नो कलर' देऊनच काढावा लागतो.

क्रम महत्त्वाचा आहे. फाइलीची प्रत करून तिच्यावर काम करा आणि सुरुवातीलाच 'ट्रॅक चेंजेस' बंद करा, नाहीतर प्रत्येक बदलाचा फुगा समासात येऊन फाइल हलेनाशी होते.

पहिलं काम चुकीच्या खुणांचं. कंट्रोल+शिफ्ट+८ दाबा, म्हणजे परिच्छेदखुणा, टॅब, रिकाम्या जागा दिसतील. शब्द फाकतात तिथे ओळीच्या शेवटी वाकडा बाण असेल. तो शिफ्ट+एंटरचा ओळतोड. वेबवरून आलेल्या मजकुरात हमखास सापडतो. परिच्छेद दोन्ही बाजूंनी जुळवलेला असला की ओळतोडीच्या आधीची अपुरी ओळ वर्ड ताणून समासापर्यंत नेतो. कंट्रोल+एच उघडा, 'मोअर' आणि मग 'स्पेशल' मधून शोधायच्या चौकटीत 'मॅन्युअल लाइन ब्रेक', बदलायच्या चौकटीत 'पॅराग्राफ मार्क' भरा. कविता, पत्ते किंवा मुद्दाम तोडलेला मथळा असेल तर मात्र 'रिप्लेस ऑल' न करता एकेक बघा.

मग दोन 'पॅराग्राफ मार्क' शोधून एक करा. बदलांचा आकडा शून्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा. आकडा शून्यावर न येता एकदोनवर अडकला तर घाबरू नका. कोष्टकाला लागून असलेली किंवा फाइलीच्या शेवटची खूण पुसली जात नाही, तीच मोजली जात असते. दोन स्पेसची एक स्पेस याच रीतीने. 'नॉनब्रेकिंग स्पेस'च्या जागी साधी स्पेस. परिच्छेदाच्या सुरुवातीचे टॅब काढायला 'पॅराग्राफ मार्क' आणि 'टॅब कॅरेक्टर' अशी जोडी शोधून नुसता 'पॅराग्राफ मार्क' ठेवा.

पीडीएफमधून आणलेल्या भागात प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेदखूण असते, तिथे वरची दोनाची एक करण्याची कृती आधी केली तर खरे परिच्छेद कुठे संपतात तेच कळेनासं होईल. तो भाग वेगळा निवडून तिथे दुहेरी खुणेच्या जागी आधी ### टाका, मग उरलेल्या एकेरी खुणांच्या जागी स्पेस, शेवटी ### च्या जागी परिच्छेदखूण.

अनुस्वार
खिळेजुळारींचं पुढचं येईपर्यंत मराठीच्या ढिम्मपणाबद्दल.

वर्ड प्रत्येक स्टाइलसाठी निदान दोन फॉन्ट वेगळे लक्षात ठेवतो. एक लॅटिन लिपीसाठी, दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी. देवनागरी दुसऱ्यात येते. फॉन्टच नव्हे, आकार आणि ठळकपणाही दोन्हींचा वेगळा साठवला जातो. त्यामुळे स्टाइलमध्ये नुसतं लॅटिनचं १२ केलं तर मराठी ११ वरच राहतं.

फाइल > ऑप्शन्स > लँग्वेज मध्ये लेखनाच्या भाषांत मराठी जोडलेली आहे का बघा. नसेल तर जोडून वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मग स्टाइलवर उजवी टिचकी > मॉडिफाय > फॉरमॅट > फॉन्ट मध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग दिसेल. तिथे फॉन्ट, शैली आणि आकार भरा. विंडोजवर निर्मला यूआय, मंगल, कोकिळा यांपैकी काहीही चालेल, पण सगळ्या स्टाइलमध्ये एकच ठेवा. कोकिळा त्याच पॉइंटला बरीच बारीक दिसते, म्हणून आकार आकड्यावर न ठरवता डोळ्यांनी ठरवा.

आणखी एक. मराठी वाक्यातले पूर्णविराम, कंस आणि इंग्रजी आकडे कधी जाड तर कधी बारीक दिसतात. ही चिन्हं दोन्ही लिप्यांत सामाईक आहेत. टाइप करताना कुठला कीबोर्ड चालू होता त्यावर त्यांना कुठला फॉन्ट लागेल ते बहुतेकदा ठरतं. लॅटिन आणि देवनागरी फॉन्ट एकाच घराण्यातले घेतले, म्हणजे दोन्हीकडे निर्मला यूआय, तर हा फरक डोळ्यांना जाणवतच नाही.

खिळेजुळारी
+१. आणि हे पुढच्या पायरीत फार उपयोगी पडणार आहे.

दुसरं काम मथळ्यांचं. अनुक्रमणिकेत न येणारे मथळे म्हणजे 'नॉर्मल' परिच्छेद, हाताने मोठे आणि ठळक केलेले. त्यातल्या एकात कर्सर ठेवा, होम > सिलेक्ट > 'सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग'. त्या रूपाचे सगळे एकदम निवडले जातील. आता कंट्रोल+ऑल्ट+१ म्हणजे हेडिंग १, कंट्रोल+ऑल्ट+२ म्हणजे हेडिंग २. 'सिलेक्ट'मधला तो पर्याय फिकट दिसत असेल तर ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड > 'कीप ट्रॅक ऑफ फॉरमॅटिंग' चालू करा. त्याच्याच खाली 'मार्क फॉरमॅटिंग इनकन्सिस्टन्सीज' आहे. त्याने संशयित जागी निळी नागमोडी रेघ येते. काम संपल्यावर ती बंद करा, वैताग देते.

स्टाइल लावताना एक जुना नियम ध्यानात ठेवा. परिच्छेदाच्या निम्म्याहून जास्त अक्षरांवर थेट फॉरमॅटिंग असेल तर नवी स्टाइल ते पुसते. निम्म्याहून कमी अक्षरांवर असेल तर ते 'मुद्दाम दिलेला जोर' समजून ठेवते. म्हणून एकाच कृतीने काही परिच्छेदांतलं तिरकं जातं, काहींतलं राहतं. बिघाड नव्हे, तशीच रचना आहे.

तिसरं काम याद्यांचं. बटण दाबून दिलेल्या बुलेट आणि क्रमांक हेही थेट फॉरमॅटिंगच असतं, आणि पुढे आपण जे करणार त्यात ते उडेल. म्हणून आधीच त्या परिच्छेदांना 'लिस्ट बुलेट', 'लिस्ट नंबर' या स्टाइल द्या. मधोमध ठेवलेल्या चित्रांच्या परिच्छेदांसाठी 'आकृती' नावाची स्वतःची स्टाइल करा.

चौथं, ठळक-तिरकं जपणं. कंट्रोल+एच. शोधायची चौकट रिकामी ठेवून फॉरमॅट > फॉन्ट मध्ये ठळक निवडा, आणि फॉरमॅट > स्टाइल मध्ये 'नॉर्मल', म्हणजे मथळे यात येणार नाहीत. बदलायच्या चौकटीत « लिहा, 'स्पेशल' मधून 'फाइंड व्हॉट टेक्स्ट' घ्या, मग ». आता प्रत्येक ठळक तुकडा «असा» बंदिस्त झाला. तिरक्यासाठी ‹ › वापरा. ही चिन्हं मजकुरात आधीपासून नाहीत ना, ते अगोदर शोधून बघा. घातांक-पादांक असतील तर त्यांनाही वेगळी चिन्हं लागतील.

अनुस्वार म्हणाले तो मुद्दा इथे नडतो. मराठीचा ठळकपणा वेगळा साठवलेला असल्याने शोधताना लॅटिनची शैली 'बोल्ड' केली तर मराठी ठळक शब्द सापडणारच नाहीत. एक फेरी लॅटिनची, एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'ची अशा दोन फेऱ्या करा. दुसरीनंतर कुठे ««दुहेरी»» चिन्हं आली तर त्यांची एकेरी करून घ्या.

रकाना_तिसरा
अवांतर: ही चिन्हांची कसरत टाळून ठळकाला 'स्ट्राँग' ही अक्षर-स्टाइल दिली तर?

खिळेजुळारी
कल्पना चांगली, पण वर्डचं कंट्रोल+स्पेसबार अक्षर-स्टाइलही काढून टाकतं. म्हणून आधी चिन्हं, नंतर चिन्हांवरून 'स्ट्राँग'. तेच करायचं आहे.

पाचवं. स्टाइल्सचा कप्पा कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+एस ने उघडा, 'नॉर्मल'शेजारच्या बाणावरून 'सिलेक्ट ऑल' घ्या. आता कंट्रोल+स्पेसबार. अक्षरांवरचा थेट थर गेला, वेबवरून आलेला अक्षरामागचा राखाडी पट्टाही गेला. मग कंट्रोल+क्यू. परिच्छेदाचे समास, अंतर, जुळवणी सगळं स्टाइलप्रमाणे. पट्टा पूर्ण परिच्छेदाच्या रुंदीचा असेल तर तो यात जातो. हेच हेडिंग १, हेडिंग २ साठी करा. याद्यांनाही, पण स्टाइल खरंच लागली आहे याची खात्री झाल्यावरच.

तळटिपांचे आकडे यात ओळीवर उतरतील. टिपा शाबूत असतात, आकड्याची वर चढलेली स्टाइल तेवढी जाते. शोधायच्या चौकटीत 'स्पेशल' मधून 'फुटनोट मार्क', बदलायच्या चौकटीत 'फाइंड व्हॉट टेक्स्ट' आणि फॉरमॅट > स्टाइल > 'फुटनोट रेफरन्स'. एका फेरीत सगळे जागेवर. शोधाच्या चौकटीखाली आधीचं 'बोल्ड' वगैरे लटकत असेल तर 'नो फॉरमॅटिंग' दाबायला विसरू नका. 'काहीच सापडलं नाही' या उत्तरामागे निम्म्या वेळा हेच कारण असतं.

सहावं. 'यूज वाइल्डकार्ड्स' चालू करून «(*)» शोधा. बदलायच्या चौकटीत \1 लिहा, आकडा इंग्रजीच हवा. फॉरमॅट > स्टाइल > 'स्ट्राँग'. तिरक्यासाठी 'एम्फसिस'. या दोन्ही स्टाइलच्या फॉन्टमध्ये 'कॉम्प्लेक्स'चीही शैली भरा, नाहीतर मराठी शब्द साधेच दिसतील.

शेवटी 'नॉर्मल' आणि हेडिंगच्या व्याख्या हव्या तशा करा. इथून पुढे एक आकडा बदलला की अख्खी फाइल बदलते. 'मॉडिफाय'च्या खिडकीत 'ऑटोमॅटिकली अपडेट'ची खूण मात्र कुठल्याही स्टाइलवर ठेवू नका. एका मथळ्याला कुणी लाल केलं की त्या पातळीचे सगळे मथळे लाल होतात, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

पानोपानी
दंडवत. दोन शंका. ओळींमधलं अंतर काही परिच्छेदांत अजून मागेपुढे आहे. आणि परिच्छेदानंतर ८ पॉइंट देऊनही यादीतल्या ओळी चिकटलेल्याच.

अनुस्वार
दुसरीचं सोपं. परिच्छेदाच्या खिडकीत 'डोन्ट ॲड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल'ला खूण असेल. यादीच्या स्टाइलमध्ये ती सहसा असतेच. काढा.

पहिलीचं कारण पुन्हा लिपी. ओळींचं अंतर 'सिंगल' किंवा 'मल्टिपल' असलं की वर्ड त्या ओळीतल्या सगळ्यात उंच फॉन्टप्रमाणे ओळ उंच करतो. मंगलसारख्या फॉन्टची उंची भरपूर. म्हणून इंग्रजी परिच्छेदात एकच मराठी शब्द आला तरी तेवढी ओळ खाली सरकते. 'एक्झॅक्टली' निवडून ठरावीक अंतर द्या. १२ पॉइंट देवनागरीला २० पॉइंटपासून सुरुवात करा. फार कमी केलं तर वेलांट्या आणि उकार कापले जातात. आणि 'एक्झॅक्टली' असलेल्या परिच्छेदात ओळीतच ठेवलेलं चित्र असेल तर त्याची फक्त पट्टी दिसते. 'आकृती' स्टाइलला 'सिंगल'च ठेवा.

मुक्तछंदी
लिब्रेऑफिस (वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: तिथे कंट्रोल+एम थेट फॉरमॅटिंग काढतं, पण अक्षर-स्टाइलला हात लावत नाही. म्हणजे « » ची कसरत न करता ठळकाला आधी 'स्ट्राँग एम्फसिस' द्यायचं आणि मग कंट्रोल+एम. स्टाइल एफ११ ने उघडतात, खुणा कंट्रोल+एफ१० ने. एका परिच्छेद-स्टाइलच्या जागी दुसरी आणायची तर शोध-बदलाच्या खिडकीत 'पॅराग्राफ स्टाइल्स'ला खूण करा, दोन्ही चौकटींत स्टाइलची नावंच येतात. ७.६ आवृत्तीपासून 'स्पॉटलाइट' आहे. समासात प्रत्येक स्टाइलचा रंगीत ठोकळा दिसतो, पानाकडे नुसतं बघून उपरा परिच्छेद ओळखता येतो. देवनागरीसाठी ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू हवं.

गूगल डॉक्समध्ये कंट्रोल+\ ने फॉरमॅटिंग जातं आणि कंट्रोल+शिफ्ट+व्ही ने साधं चिकटतं. फार खोलात जायची सोय तिथे नाही.

अनुस्वार
एक धोक्याची सूचना राहिली, ती खरं तर सगळ्यात आधी यायला हवी. एखाद्या भागातला मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर कंट्रोल+स्पेसबार मारताच तो इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. तिथे मुळात साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, त्यांना मराठी रूप फक्त तो फॉन्ट देत असतो. आधी ते तुकडे फॉन्टच्या नावाने शोधून युनिकोडमध्ये रूपांतरित करा. तेवढेच तुकडे. पूर्ण परिच्छेद रूपांतरकात टाकला तर मधले खरे इंग्रजी शब्दही मराठी अक्षरांची भेळ होऊन बाहेर पडतात. नंतर र-फार आणि जोडाक्षरं तपासायची.

रकाना_तिसरा
पानाचे समास किंवा शीर्षटीप मध्येच बदलत असेल तर तो मजकुराचा दोष नाही, सेक्शन ब्रेकचा, म्हणजे फाइलीचे विभाग पाडणाऱ्या खुणेचा आहे. प्रत्येक विभागाची पानरचना त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. म्हणून ब्रेक पुसला की वरचा विभाग खालच्याचे समास उचलतो, उलट होत नाही. दोन्ही विभागांची पानरचना आधी सारखी करा आणि मगच ब्रेक पुसा.

पानोपानी
कोष्टकांचं काय? त्यातला मजकूरही 'नॉर्मल'च आहे.

खिळेजुळारी
मग पाचव्या कामाच्या आधीच त्यांची सोय लावा, नाहीतर कंट्रोल+क्यूने उजवीकडे जुळवलेले आकडे डावीकडे येतील. 'कोष्टक मजकूर' आणि 'कोष्टक आकडे' अशा दोन स्टाइल करा. दोन्हींत आकार १० पॉइंट, परिच्छेदानंतर शून्य किंवा २ पॉइंट, दुसरीत उजवी जुळवणी. कोष्टकाचा रकाना निवडायला त्याच्या माथ्यावर काळा बाण दिसला की टिचकी, मग स्टाइल. पुढच्या प्रत्येक रकान्याला एफ४ दाबलं की मागचीच कृती पुन्हा होते.

फाइल पुन्हा पाच जणांच्या हाती जाणार असेल तर रिव्ह्यू > 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' मध्ये 'लिमिट फॉरमॅटिंग टू अ सिलेक्शन ऑफ स्टाइल्स'ला खूण करा, 'सेटिंग्ज'मध्ये हव्या तेवढ्याच स्टाइल ठेवा आणि संरक्षण सुरू करा. फॉन्ट आणि आकाराच्या चौकट्या सगळ्यांसाठी फिकट होतील, लिहिता मात्र येईल. 'सेटिंग्ज'मध्ये 'ओके' दाबल्यावर नको असलेल्या स्टाइल काढू का, असं वर्ड विचारेल. तिथे 'नो' म्हणा आणि काय उरलंय ते आधी स्वतः बघा.